परतीच्या फेरीला गाडी रिकामी का येते?

शहादा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या अकरा जणींच्या बचतगटाच्या अध्यक्ष आहेत. दोन वर्षांपासून हा गट आसपासच्या शेतकऱ्यांकडून भाजी विकत घेतो आणि आठवड्यातून दोनदा भाड्याच्या पिकअपने डोंगरावरच्या सहा पाड्यांवर नेऊन विकतो. फेरीला पदरचे पैसे घालावे लागतात, ते गटाच्या बचतीतून जातात. आता एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून, म्हणजे सीएसआरमधून, चौदा लाख रुपये देऊ केले आहेत. पैसे एका शहरातल्या संस्थेमार्फत येतील. त्यातून सौर शीतगृह आणि स्वतःची पिकअप घ्यायची. अटी तीन आहेत. पहिलं वर्ष भाजी फुकट वाटायची, २,००० लाभार्थींची फोटोसह यादी द्यायची आणि गाडी संस्थेच्या नावावर राहील. गटातल्या सहा जणी तयार आहेत, चार जणी नाहीत. सगळ्यात वयस्कर माय तर एकच म्हणते, "आपला पैसा आपला हिसाब, दुसराना पैसा दुसराना हिसाब." ताईंचे दीर ग्रामपंचायत सदस्य आहेत. सही करून टाका, गाडी आली की पुतण्या चालवेल, असं त्यांचं म्हणणं. मुदत महिनाअखेरची आहे. ताई विचारतात, "नाही म्हटलं तर गट बुडेल, हो म्हटलं तर गट फुटेल. मी काय करू?"

ताई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. शेवटच्या पानावर तुम्ही फेरीचा हिशेब मांडलाय तो तर पाच-सहा वेळा. बहुतेक पत्रांत मन मोकळं केलेलं असतं, हिशेब नसतो. तुम्ही दोन्ही पाठवलंत, म्हणून मला नेमकं काही सांगता येतंय.

अनुदान घ्यावं की नाही याकडे मी येणारच आहे. पण पत्रात तुम्ही एक गोष्ट आधीच धरून चालला आहात, की गट तोट्यात आहे कारण गाडी आणि शीतगृह नाही. तुमचा हिशेब तसं सांगत नाही. तो पुन्हा एकदा समोर ठेवूया.

एका फेरीला २५० किलो भाजी, सरासरी १८ रुपयांनी, म्हणजे खरेदी ४,५००. विकली जाते २१० किलो, २८ रुपयांनी, हातात येतात ५,८८०. चाळीस किलो सुकते, दबते किंवा उरते. गाडीभाडं १,६००. म्हणजे फेरीला २२० रुपये खोट, महिन्याच्या आठ फेऱ्यांना १,७६०. इथवर तुम्ही लिहिलंय. पण त्याच पानाच्या कडेला बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे: गाडीवाला पहिल्या चार पाड्यांपर्यंत १,१०० घेतो, शेवटच्या दोन पाड्यांचे वर ५०० घेतो, आणि त्या दोन पाड्यांवर मिळून जेमतेम तीस किलो भाजी जाते. मला वाटतं, सगळा प्रश्न त्या कडेच्या ओळीत आहे.

तीस किलोवर तुम्हाला किलोमागे दहा रुपये सुटतात, म्हणजे तीनशे. वाहतुकीला पाचशे. दोनशेची खोट तिथेच झाली. उरलेल्या चार पाड्यांवर तुमची खोट फक्त वीस रुपयांची आहे. दोन वर्षं तुम्ही ज्याला "गट चालत नाही" म्हणताय, त्यात चार पाड्यांचा धंदा जवळजवळ बरोबरीत आहे आणि दोन पाडे असे आहेत जिथे कुणीही गेलं तरी परवडणार नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची औषधंही वेगळी. चौदा लाखांच्या प्रस्तावात दोन्हींची गल्लत झाली आहे.

आणि एक खर्च तुम्ही लिहिलाच नाही. फेरीबरोबर तिघी जातात, पहाटे चारला उठून भाजी भरतात, दुपार टळल्यावर घरी येतात. त्यांची मजुरी? रोजाचे तीनशे धरले तरी नऊशे होतात. ती धरली तर खरी खोट फेरीमागे १,१२० आहे. पाड्यांवरच्या या भाजीला आजवर सगळ्यात जास्त पैसा तुमच्या अकरा जणींच्या अंगमेहनतीने पुरवलाय, आणि तो कुठल्या वहीत नाही. कंपनीचा माणूस "तुमचा सहभाग किती?" असं विचारेल तेव्हा हा आकडा आधी सांगा.

आता गाडीचं बघू. महिन्याला आठ फेऱ्यांचं भाडं १२,८०० रुपये. स्वतःची पिकअप घेतली तर ड्रायव्हरचा पगारच दहा-बारा हजार होईल. वर डिझेल, विमा, टायर, घाटात झिजणारे ब्रेक. गाडी फुकट मिळाली तरी ती चालवणं आजच्या भाड्यापेक्षा महाग पडेल. महिन्याला वीस-बावीस फेऱ्या व्हायला लागल्या तर स्वतःच्या गाडीचा विचार जरूर करा. आठ फेऱ्यांना नको. पुतण्या चालवेल असं दीर म्हणतात. ते मुलाच्या रोजगाराची काळजी करत असतील, त्यात वाईट काही नाही. पण ड्रायव्हर कोण आणि पगार किती, हे गटाच्या बैठकीत ठरून वहीत लिहिलं गेलं पाहिजे. घरातल्या नात्यातला माणूस कामावर आला की पगार वाढवायचीही चोरी आणि काढायचीही चोरी होते.

शीतगृहाबद्दल मी जरा रागाने लिहिते, समजून घ्या. पाच टनांचं शीतगृह आणि तुमचा माल अडीचशे किलो, तोही पहाटे भरून दुपारपर्यंत संपणारा. रिकामी खोली थंड ठेवण्यासाठी ते आहे. मी पूर्वी ज्या गटात होते तो धुळे तालुक्यातला. आम्ही उन्हाळ्यात बिबडे करायचो, म्हणजे दादर ज्वारीचे पापड. आम्हाला एका योजनेतून पीठ मळायचं मोठं यंत्र मिळालं. यंत्राला थ्री फेज वीज लागायची, ती आमच्या खोलीपर्यंत कधी आलीच नाही. दोन वर्षं यंत्र ताडपत्रीखाली आणि आम्ही परातीत हाताने पीठ मळतोय. पण दर तीन महिन्यांनी यंत्राच्या वापराचा अहवाल मात्र मागायचे. काय लिहायचं यावरून आमच्यात भांडणं लागली आणि शेवटी गट मोडला. बिबडे चांगले विकले जात होते, ताई. गट तोट्यामुळे मोडला नाही.

तुमची चाळीस किलोची नासाडी थांबवायला साधं काही पुरेल. दिल्लीच्या पुसा इथल्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटांचा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, वर वाळ्याचं किंवा गोणपाटाचं झाकण, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. वीज लागत नाही. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त, आणि आपल्या खान्देशचा चैत्र-वैशाख किती कोरडा असतो हे तुम्हाला सांगायला नको. बाहेरच्यापेक्षा आतलं तापमान दहा-पंधरा अंशांनी खाली राहतं. खर्च काही हजारांचा. तो तुमच्या गावात बांधा, पाड्यावर नको. जिथे बायका डोक्यावरून पाणी आणतात तिथे भाजीवर पाणी शिंपडायला सांगणं बरोबर नाही. दूरच्या पाड्यांना पालेभाजी नेऊ नका, कांदे, बटाटे, लसूण, गंगाफळ, लिंबू, वांगी न्या. गोणीऐवजी क्रेट वापरले तर दबणारी भाजी बरीच वाचेल.

आता अटींकडे येते. भाजी एक वर्ष फुकट वाटायची, असं ते म्हणतात. कंपनीने ९६ फेऱ्या धरल्या आहेत. तुमच्याच भावाने वर्षाची खरेदी ४ लाख ३२ हजार होते, वर गाडी आणि शीतगृहाचा चालवण्याचा खर्च. चौदा लाखांत गाडी आणि शीतगृह बसवून ही खरेदी बसते का? हा प्रश्न लेखी विचारा. मला वाटतं बसत नाही, आणि मग वर्षाच्या मध्यात तुम्हाला शेतकऱ्यांचे पैसे थकवावे लागतील. ज्या शेतकऱ्यांनी दोन वर्षं उधारीवर तुम्हाला मिरची-टमाटे दिले त्यांच्यासमोर उभं कसं राहणार?

फुकटाबद्दल आणखी एक. पाड्यावरच्या बायका आज तुमच्याकडून विकत घेतात तेव्हा त्या वांगं दाबून बघतात, किडलं असलं तर परत टाकतात, भाव करतात. यादीत फोटो लागला की हे सगळं संपतं. आणि तेराव्या महिन्यात पुन्हा पैसे मागायला गेलात तर त्या तुमच्यावर रागावतील, कंपनीवर नाही. शिवाय आठवडे बाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या तिथल्याच दोन-चार बायका असतात. वर्षभर फुकट भाजी आली तर त्यांचं काय होईल याचा विचार त्या प्रस्तावात कुठेच नाही.

२,००० लाभार्थींची यादी तर आत्ता होऊच शकत नाही. दिवाळीनंतर पाड्यांवरची किती घरं ऊसतोडीला गुजरातेत गेली आहेत? जी माणसं होळीपर्यंत गावात नाहीत त्यांचे फोटो कुठून आणणार? संस्था म्हणेल, आधार कार्डावरून भरून टाका. त्या यादीखाली सही तुमची असेल. कुणी तपासायला आलं तर शहरातला माणूस येणार नाही, तुम्हीच उभ्या असाल. या एका अटीवर मी तुम्हाला ठामपणे सांगते, खोटी यादी देऊ नका, मग पैसे किती का असेनात.

गाडी संस्थेच्या नावावर, हीही अट तपासून बघण्यासारखी आहे. "कायद्याने तसंच लागतं" असं तुम्हाला सांगितलंय. कायदा तसा नाही. सीएसआरचा पैसा खर्च करणाऱ्या संस्थेची सीएसआर नोंदणी लागते, १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे, आणि बचतगटाकडे ती सहसा नसते. त्यामुळे मध्ये संस्था येणं साहजिक आहे, त्यात फसवणूक नाही. पण या पैशातून जी मालमत्ता उभी राहते ती कुणाच्या नावावर असावी याबद्दल २०२१ च्या दुरुस्त नियमांत स्पष्ट आहे: नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या, सार्वजनिक प्राधिकरणाच्या, किंवा लाभ घेणाऱ्यांच्या बचतगटाच्या किंवा सामूहिक संघटनेच्या नावावर ती असू शकते. म्हणजे क्रेट, वजनकाटे, उद्या गाडी घेतलीच तर गाडी, सगळं गटाच्या नावावर होऊ शकतं. संस्थेला एवढंच म्हणा की नियमात आमचं नाव बसतं, तर आमच्या नावावर का नको, ते लेखी द्या.

इतकं सगळं वाचून तुम्हाला वाटेल मी "घेऊ नका" म्हणतेय. तसं नाही. माझं म्हणणं आहे की मागा, पण तुमच्या हिशेबातून जे निघतं ते मागा.

आणि ते मागायच्या आधी एक गोष्ट करून बघा, तिला कुणाचंच अनुदान लागत नाही. रावेर-सावद्याची केळी रेल्वेच्या वाघिणी भरून दिल्लीला जातात, तुमच्या शहाद्याची पपई ट्रकने उत्तरेत जाते. हजार किलोमीटर परवडतं आणि तुमच्यापासून तीस किलोमीटरवरचा पाडा परवडत नाही, कारण तिकडे गाडी भरून जाते. तुमची गाडी जाताना अर्धी भरलेली असते आणि येताना अगदी रिकामी. का रिकामी येते? सहा पाड्यांवर काहीच नाही का न्यायला? आमचूर आहे, भगर आहे, चिंच आहे, तूर आहे. धडगाव, मोलगीच्या बाजारात हा माल जातोच, बायका तो जीपच्या टपावर घालून नेतात आणि माणसाचं भाडं वेगळं, पोत्याचं वेगळं देतात. तुमच्या पत्रात पाड्यावरची माणसं फक्त घेणारी आहेत, ताई. ती विकणारीही आहेत.

परतीला तीनशे किलो माल मिळाला आणि किलोला दोन रुपये वाहतूक घेतली तर फेरीला सहाशे सुटतात. दोन रुपये जास्त होतात की कमी हे मला इथे बसून कळणार नाही, आज ते जीपला किती देतात ते विचारून ठरवा. समजा नासाडीतली निम्मी, वीस किलो, वाचली आणि विकली गेली, ते ५६० झाले. दोन्ही मिळून ११६०. मजुरी धरून तुमची खोट ११२० होती. गाडी आणि शीतगृह न घेता, तिघींना रोज देऊन, फेरी बरोबरीत आली. अर्थात हे प्रत्येक फेरीला होणार नाही. आमचूर चैत्र-वैशाखात, भगर दिवाळीच्या पुढे-मागे, पावसाळ्यात तर परतीला काहीच नसेल.

एक सांभाळा. सुरुवातीला फक्त वाहतूक करा, माल विकत घेऊ नका. आमचूरच्या भावात चढउतार फार, आणि हातात पैसे नसताना माल घेतला की उचल देण्या-घेण्याचं चक्र सुरू होतं. पाड्यांनी ते चक्र व्यापाऱ्यांकडून पुष्कळ सोसलंय, तुमच्याकडून नको. वजनकाटा चांगला घ्या आणि पोतं त्यांच्यासमोर मोजा. यातूनच पुढे विश्वास बसेल. आणि बसला की आमचूर, भगर निवडून-पाखडून पाकिटात घालायचा विचार करता येईल. त्यासाठी २०२० पासूनची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना आहे, यंत्रसामग्रीला ३५ टक्के अनुदान, कमाल दहा लाख, आणि अन्नप्रक्रिया करणाऱ्या बचतगटाला सदस्यामागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. तिथे "अनुदान" म्हणजे आधी बँकेचं कर्ज घ्यावं लागतं आणि अनुदानाची रक्कम तीन वर्षं बँकेत राखून ठेवलेली असते, हे माहीत ठेवून जा. सध्या अर्ज घेतायत का ते तालुका कृषी कार्यालयात विचारा. पण ते पुढच्या वर्षीचं.

गिऱ्हाईक वाढवायची दुसरी जागा तुमच्या डोळ्यांसमोर आहे. सहा पाड्यांवर अंगणवाड्या आहेत ना? आदिवासी भागात अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळतं, लहान मुलांना अंडी किंवा केळी, आणि हा खर्च गावपातळीवरची आहार समिती करते. शाळेच्या पोषण आहारात तांदूळ सरकारकडून येतो, भाजीपाला तिथेच घ्यावा लागतो. ताई, सेविकांना आणि स्वयंपाकिणींना विचारा, त्या भाजी आणि केळी कुठून आणतात. आठवड्याला ठरलेली मागणी मिळाली, अगदी पाच-पाच किलोची, तरी काय भरायचं हे पहाटे अंदाजाने ठरवावं लागणार नाही. पैसे उशिरा येतात, ही त्यातली अडचण खरी आहे. म्हणून तर खेळतं भांडवल लागतं.

रेशनचं धान्य बहुतेक घरी पोहोचतं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबात माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. भाकरीची सोय त्यातून होते. भाकरीबरोबर काय, हा पाड्यावरचा प्रश्न आहे, आणि तोही बारमाही नाही. आषाढ-श्रावणात डोंगरात रानभाजी इतकी असते की तुमची कोबी कुणी का घेईल? तेव्हा रस्तेही वाहून जातात. तुमची खरी गरज होळीपासून पहिल्या पावसापर्यंत. ऊसतोडीहून लोक परतलेले असतात, हाती थोडे पैसे असतात, विहिरी आटलेल्या आणि परसात काहीच हिरवं नसतं. म्हणून वर्षाच्या ९६ फेऱ्या कबूल करू नका. ७० धरा. पावसाळ्यात फेऱ्या बंद राहिल्या तर राहू द्या.

आता राहिले ते शेवटचे दोन पाडे. तुमच्यातल्या दोघी म्हणतात, ते सोडून द्या. हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. पण तुम्हीच लिहिलंय, हिवाळ्यात तिथे म्हातारी माणसं आणि लहान मुलंच मागे राहतात, त्यांना बाजारापर्यंत जाता येत नाही. हे पाडे कुठल्याच धंद्याला परवडणार नाहीत, आज नाही, पाच वर्षांनी नाही. जे कधीच परवडणार नाही पण झालं पाहिजे, त्यासाठीच दुसऱ्याचा पैसा मागायचा असतो. तो मागताना लाजायचं कारण नाही आणि "दोन वर्षांत आम्ही स्वतःच्या पायावर उभे राहू" असं खोटं लिहायचंही कारण नाही. फेरीला पाचशे रुपये, वर्षाच्या ७० फेऱ्या, दोन वर्षं, म्हणजे ७० हजार. दोन वर्षांनंतर ते कोण देईल, याची तजवीज मात्र आत्तापासून करा. पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, ज्या गावांना लागू आहे त्यांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो आणि त्याचं नियोजन ग्रामसभेत होतं. वाहतुकीचा खर्च त्यात बसतो का, हे ग्रामसेवकांना विचारून घ्या. ओटा, शेड यांची मागणी मात्र त्या पाड्यांच्या ग्रामसभेत नक्की मांडता येईल. तिथल्या बायकांनी ती मांडली पाहिजे, तुम्ही नव्हे. या कामात दिरांचा खरा उपयोग आहे. ग्रामपंचायतीची कागदं कशी हलतात हे त्यांना माहीत असेल.

मग कंपनीला काय लिहाल? माझ्या हिशेबाने असं: दोन दूरच्या पाड्यांची वाहतूक ७० हजार, शेतकऱ्यांना रोख द्यायला खेळतं भांडवल ६० हजार, क्रेट, दोन वजनकाटे, ताडपत्री आणि विटांचे शीतकक्ष ५० हजार, आणि वही लिहिणाऱ्या एका मुलीला महिना तीन हजारांप्रमाणे दोन वर्षांचे ७२ हजार. मिळून २ लाख ५२ हजार. वही लिहिणाऱ्या मुलीचा खर्च कापू देऊ नका. सगळ्यात आधी तोच कापतात. तुमच्या गावात बारावी झालेली कुणी ना कुणी असेल.

पत्राची भाषा साधी ठेवा. हवं तर हे जसंच्या तसं उतरवा, दूध-डाळ विकणाऱ्या बाकीच्या गटांनीही आपले आकडे घालून वापरावं: "आम्ही दोन वर्षं सहा पाड्यांवर भाजी विकतो. चार पाड्यांचा खर्च विक्रीतून निघू शकतो, दोन पाड्यांचा निघू शकत नाही. आम्हाला गाडी आणि शीतगृह नको, कारण आठ फेऱ्यांना ते परवडत नाही. सोबत हिशेब जोडला आहे. भाजी आम्ही विकूच, फुकट वाटणार नाही. लाभार्थींच्या यादीऐवजी आम्ही दर महिन्याला पाडावार किती किलो गेली, काय भावाने गेली आणि किती वाया गेली याचा तक्ता देऊ. वस्तू गटाच्या नावावर असाव्यात."

चौदा लाख देऊ करणाऱ्याकडे अडीच लाख मागितले तर ते काय म्हणतील? कदाचित नाही म्हणतील. शीतगृहाला पाटी लावता येते, उद्घाटन करता येतं, वाहतुकीच्या पाचशे रुपयांचा फोटो निघत नाही. क्रेटवर नाव छापू द्या, त्यात काही बिघडत नाही. तरीही नाही म्हणाले, तर उमेद या सरकारी बचतगट अभियानाच्या ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधीतून थोडं कर्ज घेऊन क्रेट आणि वजनकाटे आणा, खेळतं भांडवल हळूहळू वाढवा, आणि दूरच्या पाड्यांची फेरी दोनाऐवजी एक करा. महिन्याला चार फेऱ्यांना आठशे रुपयांची खोट राहील. अकरा जणींत ती सोसता येते का, हे तुम्हीच ठरवा. येत नसेल तर त्या पाड्यांवर जाऊन तसं सांगा, गुपचूप जाणं बंद करू नका.

"नाही म्हटलं तर गट बुडेल" हे मला तुमच्या आकड्यांत कुठे दिसत नाही. "हो म्हटलं तर फुटेल" हे मात्र दिसतं, कारण सहा विरुद्ध चार असं हात वर करून ठरवलंत तर चौघी निघून जातील. म्हणून बैठकीत "घ्यायचं की नाही" विचारू नका. आधी पान वाचून दाखवा, कडेच्या ओळीसकट. त्या वयस्कर मायला आधी बोलू द्या. पैशाबरोबर हिशेबही दुसऱ्याच्या हाती जातो, हे तिने एका वाक्यात सांगितलंय, मी एवढी पानं खर्च केली. कंपनीच्या माणसासमोर पत्र घेऊन जाताना तिलाच बरोबर घ्या.

मुदतीला अजून दोन गुरुवार आहेत. येत्या गुरुवारी चौथ्या पाड्यापासून खाली येताना प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं थांबा आणि विचारा, बाजारात न्यायचं काही आहे का, किती आहे, जीपला काय देता. गाडीवाला थांबण्याचे पैसे मागेल, शंभर-दीडशे द्या. जे सांगतील ते तिथेच वहीत लिहा, पाड्याचं नाव, मालाचं नाव, किलो. पुढच्या गुरुवारी जे पोतं मिळेल ते घेऊन या.